खाली बसवलेली १९६७ ची फोक्सवॅगन पॅनेल व्हॅन: घ्यावी का, आणि काय तपासून घ्यावी?

प्रश्न असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचकाला १९६७ ची फोक्सवॅगन टाइप २ पॅनेल व्हॅन विकाऊ दिसली आहे. समोरची काच दोन भागांची, म्हणजे स्प्लिट-स्क्रीन. जाहिरातीत लिहिलंय: कॅलिफोर्नियाहून आणलेली, गंज अजिबात नाही, स्टिअरिंग डावीकडे, स्ट्रेट अ‍ॅक्सल, अरुंद केलेला पुढचा बीम (पुढची चाकं धरणारा आडवा भाग), १७७६ सीसी इंजिन, दोन वेबर कार्ब्युरेटर, बाजूला एका जुन्या बेकरीचं हाताने रंगवलेलं नाव. वाचकाला ती शनिवार-रविवार मेळ्यांमध्ये उभी करून वडापाव आणि कॉफी विकायची आहे.

आधी मत सांगतो, कारणं नंतर. हौसेची आणि मिरवायची गाडी म्हणून ती बघायला जरूर जा. पण रोज तीन-चारशे किलो सामान भरून पळवायची मालगाडी म्हणून घेणार असाल तर जाहिरातीत कौतुकाने लिहिलेली प्रत्येक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. ही गाडी मुळात ओझं वाहायला बांधलेली. खाली बसवताना, म्हणजे तिची उंची कमी करताना, तिची तीच ताकद काढून घेतलेली असते. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा की काढलेले मूळ भाग सोबत मिळणार का? मागच्या चाकांचे रिडक्शन बॉक्स, मूळ बीम आणि मूळ १५०० चं इंजिन कोपऱ्यात पडलेलं असेल तर सौदा वेगळा, विकून टाकलं असेल तर वेगळा.

आता ओळख पटवणं. जर्मनीत स्प्लिट-स्क्रीनचं उत्पादन १९६७ च्या उन्हाळ्यात थांबलं, त्यामुळे हे शेवटचं वर्ष आणि त्याला भाव जास्त. त्या मॉडेल-वर्षात, म्हणजे ऑगस्ट १९६६ पासून, ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आले आणि अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना ब्रेकचे दोन स्वतंत्र सर्किट मिळाले. कागदावर १९६७ आणि गाडीत ६ व्होल्टची जुनी वायरिंग असेल तर गाडी बहुधा आधीच्या मॉडेलची आहे. अमेरिकेत पुष्कळदा विक्रीचं वर्षच कागदावर चढायचं. चेसी नंबर इंजिनाच्या खणात उजव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. १९६५ च्या मॉडेलपासून तो नऊ आकडी आहे: पहिले दोन आकडे प्रकार सांगतात, तिसरा मॉडेल-वर्ष. २१७ ने सुरू झाला तर १९६७ ची पॅनेल व्हॅन. २३७ असेल तर ती कोम्बी, म्हणजे खिडक्यांची गाडी, आणि बाजूचा सपाट पत्रा नंतर कुणीतरी वेल्ड केलाय. मालाच्या खणात आतून हात फिरवला की ते कळतंच: कोम्बीच्या खिडक्यांच्या चौकटीचा आतला पत्रा काढणं कटकटीचं असतं, त्याचे अवशेष किंवा घासलेले वेल्ड सापडतात. नंबरभोवतीचा पत्रा कापून बसवल्यासारखा दिसला, आकडे वाकडेतिकडे किंवा कमी-जास्त खोल दिसले, तर तिथूनच परत फिरा.

पुढच्या सीटमागच्या पार्टिशनवर कोड ठोकलेली एक छोटी पट्टी असते, तिचा फोटो काढा. वोल्फ्सबुर्गचं फोक्सवॅगन संग्रहालय चेसी नंबरावरून गाडीचा जन्मदाखला देतं: बनवल्याची तारीख, मूळ रंग, कुठे पाठवली. मोठी रक्कम मोजण्याआधी तो विकणाऱ्याकडे मागा.

‘कॅलिफोर्नियाची आहे, गंज नाही’ हे अर्धं खरं मानायचं. रस्त्यावर मीठ टाकत नाहीत तिथल्या गाड्यांचा तळ चांगला राहतो हे बरोबर, पण उन्हाने काचांचं रबर तडकतं आणि पाणी काचेखालच्या ओठातून आत शिरून पायापाशी साचतं. शिवाय ही व्हॅन म्हणजे पन्नास वर्षं ठोके खाल्लेलं मालवाहू वाहन. नाकावर धडक बसलेली नसेल अशी क्वचितच सापडते. समोरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. सुरकुत्या, हातोड्याच्या खुणा, लांबी (पुट्टी) भरल्याचे थर आतूनच दिसतात. बाहेरून लोहचुंबक फिरवायचा तो नाकावर, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या वीतभर पट्ट्यावर.

या गाडीला वेगळी चेसी नाही. तळाशी दोन लांब रेल, त्यांना जोडलेले आडवे पत्रे, बाजूला निघालेले आउटरिगर, आणि सगळ्यांना कडेने बांधणारी सिल. ही सिल तीन पत्र्यांची असते: बाहेरची, मधली, आतली. बाहेरची बदलून गुळगुळीत रंगवणं एका दिवसाचं काम आहे, आणि आत मधली कुजलेली तशीच राहते. पारखायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून मालाची दारं बंद करा आणि दोन दारांमधली फट बघा, वर किती आणि खाली किती. मग एका बाजूने जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला आणि तीच फट पुन्हा बघा. मजबूत बॉडीत ती जवळपास तेवढीच राहते आणि दार तसंच उघडतं. फट वर मिटली, खाली रुंदावली किंवा दार अडकलं, तर रंग कितीही आरशासारखा असो, तळाचं काम पूर्ण बाकी आहे. जॅक लावू द्यायला विकणारा तयार नसेल तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

बाजूच्या बेकरीच्या नावाचंही परीक्षण करा. मूळ दुकानाचं रंगकाम टिकलेली व्हॅन शौकिनांना हवीहवीशी असते, म्हणून नवी अक्षरं काढून ती घासून जुनी करणं हा आता चालता धंदा आहे. जिथे रंग उडून गंज दिसतो तिथे वाकून बघा. अक्षर खरंच जुनं असेल तर गंज अक्षर फोडून वर आलेला असतो आणि अक्षराची कड तिथे तुटते. अक्षराचा रंग गंजाच्या खड्ड्यात उतरलेला दिसला तर आधी गंज, मग बेकरी. खरी झीज कडीभोवती, दाराच्या कडेला आणि छतावर जास्त असते. सगळीकडे सारखी झीज म्हणजे सँडपेपर. नवी अक्षरं असण्यात वाईट काही नाही, फक्त जुन्याचे पैसे मोजू नका.

आता स्ट्रेट अ‍ॅक्सल. मूळ गाडीत मागच्या प्रत्येक चाकापाशी गिअरचा एक डबा असतो, रिडक्शन बॉक्स. तो दोन कामं करतो. गाडी उंच ठेवतो, आणि शेवटचं गिअरिंग १.२६ पटीने खाली आणतो, म्हणजे छोटं इंजिनही टनभर माल चढावर ओढतं. गाडी खाली बसवायला हे डबे काढून फोक्सवॅगनच्याच बीटल कारचा अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स बसवतात, तोच स्ट्रेट अ‍ॅक्सल. मागचा भाग साधारण दहा सेंटिमीटर खाली येतो. हिशेब करा. मूळ व्हॅनचा पहिला गिअर ३.८० गुणिले ४.१२५ (डिफरन्शियल) गुणिले १.२६, म्हणजे जवळपास १९.७५. बीटल १५०० च्या गिअरबॉक्समध्ये ३.८० गुणिले ४.१२५, म्हणजे १५.७. पहिल्या गिअरची ओढ वीस टक्के गेली. चौथ्यात फरक चौदा टक्के: ४.२६ वरून ३.६७. मोटरवेवर इंजिन निवांत फिरतं, सगळे याचंच कौतुक करतात. पण सामान भरून चढावर गाडी उठवताना क्लच जळतो, आणि चौथ्यात इंजिन दमून कमी फेऱ्यांवर ओढत राहतं. एअर-कूल्ड इंजिनाचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. फेऱ्या कमी तर वारा कमी, आणि ओझं तेवढंच. मग सिलिंडरची हेड तापतात.

चालवून बघताना चढावर थांबून पुन्हा निघा. तिसऱ्या-चौथ्यात वेग घेऊन अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडा. गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली. दुसऱ्यात टाकताना करकर म्हणजे सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) गेलेला. गिअरबॉक्सशेजारच्या अ‍ॅक्सल-नळीची रबरी बूट फाटून ऑइल गळत असतं, तेही बघा. रिडक्शन बॉक्स न काढता नुसत्या स्प्रिंग-प्लेट फिरवून गाडी खाली आणलेली असेल तर मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतील आणि टायर आतल्या कडेने खाल्लेले असतील.

पुढचा बीम अरुंद केलाय म्हणजे मधून कापून पुन्हा जोडलाय. जोड एकसंध वेल्डचा आणि सरळ रेषेत हवा. पुढून खूप खाली आणलेल्या गाडीत स्टिअरिंगचे रॉड रेलला घासतात, म्हणून रेलमध्ये खाच कापतात. खाच कापली असेल तर तिला वरून-खालून जाड पत्र्याची पेटी वेल्ड केलेली हवी. नुसती कापून रंगवलेली खाच म्हणजे रेलचा तिथला जोरच गेला. पुढची चाकं वर उचलून वर-खाली हलवा. किंगपिन आणि लिंकपिन (पुढचं चाक ज्यांवर वळतं आणि हलतं त्या खिळी) ढिल्या असतील तर ठक असा आवाज हातालाच कळतो. या जोडांना नियमित ग्रीस लागतं, आणि सुंदर रंगवलेल्या बीमवर ग्रीसचे निपलच रंगाने बुजलेले सापडतात.

टायरकडे कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम बघा. या व्हॅनला १८५ आर १४ सी हा मालवाहू टायर शोभतो. त्याचा लोड इंडेक्स १०२, म्हणजे एका टायरवर ८५० किलो. खाली बसवलेल्या गाड्यांना १६५/६५ आर १५ सारखे कारचे टायर घालतात, इंडेक्स ८१, म्हणजे ४६२ किलो. मागचे दोन मिळून ९२४ किलो होतात, आणि भरलेल्या व्हॅनच्या मागच्या आसावर त्याहून जास्त भार येतो. हा टायर रिकाम्या गाडीपुरता आहे.

इंजिनाला वेळ द्या. जाताना विकणाऱ्याला सांगा की सुरू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर सायलेन्सरला हात लावून खात्री करा. थंड असताना आधी क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ओढा. नव्या इंजिनात हा खेळ ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असतो, हाताला जेमतेम कळतो, ०.१५ ही शेवटची मर्यादा. टक-टक असा स्पष्ट आवाज आला तर फ्लायव्हीलकडचं मुख्य बेअरिंग क्रँककेसमध्ये सैल झालंय, आणि क्रँककेस लाइन-बोअर करावा (बेअरिंगची भोकं एका रेषेत पुन्हा कापावी) लागणार किंवा बदलावा लागणार. एवढ्या एका कारणाने पूर्ण इंजिन उघडतं.

१७७६ हा आकडा ९०.५ मिलिमीटर पिस्टन आणि मूळ ६९ मिलिमीटरच्या स्ट्रोकने येतो. चांगला आकार आहे, भिंत जाड राहते. पण त्यासाठी क्रँककेस आणि हेड दोन्ही मशीनवर मोठे करावे लागतात, तेव्हा मशीन-शॉपची पावती मागा. पावती नसेल तर ते १६४१ असण्याची शक्यता धरा: ८७ चे पिस्टन काहीही न कापता बसतात, सिलिंडरची भिंत पातळ होते आणि तापल्यावर वाकडी होते. कॉम्प्रेशन रेशो विचारा. व्हॅनला साडेसात ते आठ पुरे. नऊच्या वर सांगितलं तर ते इंजिन हलक्या बीटलसाठी बांधलंय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा ७ ते ९ बार असला तरी चौघांत फार फरक नको. तीन नंबर कमी असेल तर कारण बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरच्या आत, थेट तीन नंबरच्या वाटेत उभा असतो, म्हणून त्या सिलिंडरला तापलेला वारा मिळतो. १९७१ पासून कंपनीने तो कव्हरच्या मागे हलवला. त्याला डॉगहाउस म्हणतात. १७७६ वर डॉगहाउस आणि त्याचा रुंद पंखा नसेल तर ते आधी करून घ्या.

नटवलेल्या इंजिनांत सगळ्यात जास्त घोटाळा पंख्याची हवा वळवणाऱ्या पत्र्यांचा. सिलिंडरखालचे डिफ्लेक्टर पत्रे, थर्मोस्टॅट आणि फ्लॅप, आणि इंजिन-खणाच्या कडेचं रबर सील या तीन गोष्टी ‘काय उपयोग’ म्हणून फेकून देतात. सील नसलं की सायलेन्सरकडची तापलेली हवा खालून वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. खणाचं झाकण उघडून इंजिनाभोवती बघा. खालचा रस्ता दिसला म्हणजे भोक आहे. क्रोमचे पत्रे चमकतात खरे, पण काळा रंगवलेला पत्रा उष्णता जास्त चांगली सोडतो. फॅन्सी लहान पुली बसवली असेल तर पंखा हळू फिरतो. मूळ आकाराची बसवा. पॅनेल व्हॅनला हवा मागच्या कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांतून येते, तिथे आतून इन्सुलेशन किंवा स्पीकर ठोकलेला असेल तर काढायला लावा.

व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनात ०.१५ मिलिमीटर, ऑइल अडीच लिटर. अर्धा तास पळवून आल्यावर आयडलला ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकला तर एकवेळ ठीक, सतत लागून राहिला तर नाही. ऑइल-तापमानाचा काटा असेल तर ८० ते १०० अंश छान, १२० च्या पुढे गेला की वर सांगितलेल्यापैकी काहीतरी चुकतंय.

आणि आग. या गाड्या रस्त्यात जळतात त्या बहुतेक पेट्रोलच्या पायपांमुळे. टाकी इंजिनाला लागूनच, जुने कापडी पाइप इथेनॉलने आतून कुजतात, आणि कार्ब्युरेटरमध्ये नुसतं दाबून बसवलेलं पितळी तोंड कंपनांनी सुटतं. त्यात क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. एकदा पेटला की पाणी टाकून विझत नाही, उलट भडकतो. गाडी घरी आणण्याआधी सगळे पाइप आर ९ दर्जाचे (इथेनॉल सोसणारे) नवीन घाला, प्रत्येक जोडाला क्लिप, पेट्रोल फिल्टर इंजिन-खणाबाहेर. वेबरना सव्वातीन पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. पंप जास्त देत असेल तर पेट्रोल उतू जातं, म्हणून रेग्युलेटर लावा. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही ते सिंक्रोमीटरने जुळवून घ्या. एक बाजू पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालली तर त्या बाजूचे दोन सिलिंडर गुपचूप तापतात.

तुमच्या धंद्याच्या बाजूने तीन गोष्टी. डाव्या स्टिअरिंगच्या पॅनेल व्हॅनला मालाची दारं उजवीकडे असतात, कारण तिकडे फूटपाथ उजवीकडे. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेला उभी केलीत तर गिऱ्हाईक वाहनांच्या बाजूला येईल. मैदानात उभी करणार असाल तर प्रश्न नाही. दोन्ही बाजूंना दारं असलेली आवृत्तीही बनत असे, ती मिळाली तर उत्तम. दुसरं, चाळीस वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये रोड टॅक्स आणि एमओटीची (वार्षिक सुरक्षा तपासणीची) सूट मिळते, पण टॅक्सची सूट धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला नाही, आणि लंडनच्या यूलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लागणारा भाग) जुन्या गाड्यांना असलेली सवलत कॉफी आणि खाद्यपदार्थांच्या व्हॅनना लागू होत नाही. सस्पेन्शनचा प्रकारच बदलला असेल तर एमओटीची सूटही जाऊ शकते. त्याच जातीच्या इंजिनाचे सीसी वाढवण्याने जात नाही. सूट असली तरी एमओटी करून घ्याच. अमेरिकेच्या गाडीचे मागचे इंडिकेटर लाल असतात, ते पिवळे करावे लागतील, आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीसाठी बदलावा लागेल.

तिसरी गोष्ट वजनाची. इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे, त्यामुळे त्याच्यावरच्या उंच ओट्यावर पाण्याच्या टाक्या ठेवल्या की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. तेलाची कढई, पाणी, कॉफी मशीन हे सगळं दोन्ही आसांच्या मध्ये, जमिनीलगत आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटून. गॅसचं सिलिंडर बंद खणात, ज्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक आहे. स्पोर्ट्स सायलेन्सर लावताना हीटरचे डबे काढले असतील तर काच पुसायला गरम हवा येणार नाही. उलट उघड्या राहिलेल्या हीटर-नळ्यांतून इंजिनखणातला धूर केबिनमध्ये येतो, त्या टोपण लावून बंद करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

भाव ठरवताना रंगाचे वेगळे पैसे धरू नका. चांगल्या तळावर रंग कधीही करता येतो. फटीची परीक्षा आणि पुलीची परीक्षा यांत गाडी उतरली आणि मूळ रिडक्शन बॉक्स सोबत मिळत असतील तर मागणीच्या जवळ जायला हरकत नाही. बॉक्स नसतील तर ते शोधण्याचा आणि त्यांच्या जोडीच्या गिअरबॉक्सचा खर्च वजा करा. फक्त डबे आणून भागत नाही: रिडक्शन बॉक्स फिरण्याची दिशा उलटवतात, म्हणून बीटलचा गिअरबॉक्स तसाच ठेवून ते बसवलेत तर हाती येतात चार रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर.